गोठलेल्या भूमीचा वायू कोणाच्या खाती?

यामाल हे उत्तर सायबेरियातील एक द्वीपकल्प. २०१६ च्या उन्हाळ्यात तेथे असाधारण उष्मा झाला आणि पंचाहत्तर वर्षांत न दिसलेली काळपुळीची, म्हणजे अँथ्रॅक्सची, साथ रेनडिअरच्या कळपांत पसरली. दोन हजारांहून अधिक जनावरे मेली. नेनेत्स या पशुपालक जमातीतील १२ वर्षांचा एक मुलगा दगावला. गोठलेल्या भूमीचा वरचा थर नेहमीपेक्षा खोलवर वितळला आणि त्यातून जुनी रोगबीजे वर आली असावीत, असे मानले जाते. रेनडिअरांना लस टोचण्याचे काम २००७ मध्येच थांबविण्यात आले होते. याच यामालातून २०१२ पासून नळांवाटे आणि २०१७ पासून जहाजांतून प्रचंड प्रमाणात नैसर्गिक वायू बाहेर जात आहे. एकाच भूमीतून कोणाच्या पदरी नफा पडतो आणि कोणाच्या पदरी रोग, याचे इतके उघड उदाहरण क्वचितच सापडेल.

परंतु त्या भूमीतून जे बाहेर पडते, ते केवळ नेनेत्सांपुरते राहत नाही. उत्तर गोलार्धाच्या थंड प्रदेशांत शास्त्रज्ञ जिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात, ती वर्षानुवर्षे गोठलेली जमीन पसरलेली आहे. तिच्यात हजारो वर्षांचे वनस्पतींचे व प्राण्यांचे अवशेष न कुजता साठून राहिले आहेत. त्यांतील कार्बन सुमारे दीड लाख कोटी टन, म्हणजे आजच्या वातावरणातील कार्बनच्या जवळपास दुप्पट आहे. बर्फ वितळले की जमीन खचते, खड्ड्यांत पाणी साचून दलदली व तळी बनतात. जेथे हवा पोचते तेथे कुजण्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो. जेथे पाण्याखाली प्राणवायू पोचत नाही तेथे सूक्ष्मजीव मिथेन निर्माण करतात. मिथेन वातावरणात सुमारे बारा वर्षेच टिकतो. परंतु वीस वर्षांच्या हिशेबाने त्याची उष्णता धरून ठेवण्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशी पट असते.

अलास्कातील टुंड्राच्या मोजणीतून २०१६ मध्ये असे दिसून आले की, वर्षभरातील मिथेनपैकी निदान निम्मा सप्टेंबर ते मे या थंडीच्या महिन्यांत बाहेर पडतो. वरून जमीन गोठू लागली तरी मधला थर कित्येक आठवडे ओलाच राहतो आणि सूक्ष्मजीवांचे काम चालू राहते. यावरून कोणी एखाद्या ‘मिथेन बॉम्ब’ची भीती घालू नये, एकाएकी स्फोट होण्यापेक्षा दशकानुदशके चालणाऱ्या संथ गळतीचीच शक्यता शास्त्रज्ञ अधिक मानतात. मात्र संथ गळतीचाही हिशेब द्यावाच लागतो.

प्रश्न असा की, हा हिशेब कोणाच्या खाती लिहावयाचा? आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे प्रत्येक राष्ट्र मानवी व्यवस्थापनाखालील जमिनीचेच उत्सर्जन नोंदविते. निर्मनुष्य टुंड्रातील दलदलीचा मिथेन निसर्गाचा म्हणून सुटतो. वस्तुतः त्या भूमीला वितळविणारी उष्णता दीड-दोन शतके कोळसा व तेल जाळणाऱ्या औद्योगिक भांडवलशाहीने निर्माण केली आहे. खाते कोणाचेच नसले तरी वसुली होतेच. तापमानवाढ मर्यादेत ठेवण्यासाठी जगाला जेवढे जाळण्याची मुभा उरली आहे, ती या गळतीने आणखी आक्रसते. आणि ज्यांनी अद्याप पुरेसे जाळलेलेच नाही, त्यांना आधी हात आखडण्यास सांगितले जाते.

भाताच्या खाचरातही पाण्याखाली हेच सूक्ष्मजीव मिथेन बनवितात. म्हणूनच हा वाद भारताच्या दाराशी येतो. अनिल अगरवाल व सुनीता नारायण यांनी १९९१ मध्येच बजावले होते की, गरिबांच्या भाताचे व जनावरांचे उत्सर्जन आणि श्रीमंतांच्या मोटारींचे उत्सर्जन एकाच तागडीत तोलणे अन्यायाचे आहे. २०२१ मध्ये ग्लासगो येथे मिथेन २०३० पर्यंत तीस टक्क्यांनी घटविण्याची प्रतिज्ञा शंभरांवर राष्ट्रांनी केली, तेव्हा भारत, चीन व रशिया बाहेर राहिले. शेतकऱ्याच्या उपजीविकेचा भारताने मांडलेला मुद्दा रास्त आहे.

तथापि त्या मुद्द्याची ढाल करून दुसऱ्यांनी लपू नये, याची दक्षता समाजवाद्यांनी घ्यावयास हवी. मानवनिर्मित मिथेनपैकी सुमारे एक तृतीयांश तेल, वायू व कोळशाच्या धंद्यातून येतो. तेथील गळती थांबविण्याचे तंत्र उपलब्ध आहे. अडविलेला वायू विकता येत असल्याने बराच खर्च भरूनही निघतो. भारतातील कोळसाखाणी आणि मोठ्या शहरांच्या कचराभूमी यांनाही हाच न्याय लागू आहे. भातखाचरांत पाणी आळीपाळीने भरून व आटवून मिथेन कमी करता येतो. पण त्यासाठी खात्रीचे पाणी लागते, आणि ते पुरविण्याचा भार सरकारने उचलावयाचा आहे, शेतकऱ्याने नव्हे.

वितळलेली भूमी पुन्हा गोठविण्याचे साधन कोणापाशी नाही. तिचे वितळणे मंदावण्याचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे माणसाच्या हातातील उत्सर्जन झपाट्याने कमी करणे. आणि सर्वांत आधी ते त्यांनी कमी करणे, ज्यांनी त्यावर संपत्ती उभारली. गोठलेल्या भूमीचा वायू त्यांच्या खाती लिहिला जावा, ही मागणी यामालच्या पशुपालकाइतकीच कोकणातल्या भातशेतकऱ्याचीही आहे. कार्यकर्त्यांनी ती सभांतून व ठरावांतून मांडत राहावे.