आधी रस्ता, मग लेआउट

गोंदिया म्हटलं की राइस मिल आणि रेल्वे जंक्शन. रूळ चार दिशांना जातात, त्यामुळे शहराचे तुकडे आधीच पडलेले. १९९९ मध्ये भंडाऱ्यातून वेगळा जिल्हा झाला, हे मुख्यालय झालं आणि वस्ती धानाच्या बांध्यांत सरकत गेली.

पद्धत ठरलेली. एकेक शेत एन.ए. होतं, लेआउट पडतो, प्लॉट विकले जातात. आतला रस्ता शेजारच्या लेआउटशी जुळतो की नाही, हे कोण बघणार? मग पलीकडे दिसणाऱ्या शाळेत जायलाही हमरस्त्याचा वळसा! सॉफ्टवेअरमध्येही सुटे भाग जोडताना अशीच बोंब होते; पण कोड पुन्हा लिहिता येतो, घरं बांधल्यावर रस्ता सरकत नाही.

यावर उपाय १९६६ च्या नगररचना कायद्यातच आहे: नगररचना योजना. सगळ्यांच्या जमिनी एकत्र आखायच्या, रस्ते-मैदानं काढायची आणि प्रत्येकाला थोडा लहान, पण रस्त्याला लागलेला प्लॉट परत द्यायचा. अहमदाबाद असंच वाढलं. जमीन कमी होते खरी, पण भावही वाढतो.

आणि मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव? तळी बुजवू नका, हे पॅट्रिक गेडिस शंभर वर्षांपूर्वीच सांगून गेला. माझं म्हणणं, तलावाकडे घरांचं तोंड ठेवा, काठाने पायवाट ठेवा. कचरा पडतो तो घरांच्या पाठीमागे.

असो. विकास आराखड्यावर हरकती मागवतात तेव्हा आपल्या प्लॉटवर आरक्षण पडलंय का, एवढंच बघून परत येऊ नका. आपल्या गल्लीचं दुसरं टोक कुठे निघतं, तेही बघा.