पाषाणावरील नावे

गेल्या हिवाळ्यात नववीच्या वर्गास घेऊन अंबरनाथचे प्राचीन शिवालय पाहण्याचा योग आला. सकाळच्या लोकलगाडीने निघून सायंकाळी घरी परतावे, इतके हे स्थळ मुंबईकरांस जवळ आहे. परंतु जवळचे ते दुर्लक्षित, हा मनुष्यस्वभावच होय.

शिलाहार राजा मामवाणी याच्या कारकीर्दीतील, शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख या देवळात आहे. काळ्या, कठीण पाषाणाच्या भिंती आतून-बाहेरून मूर्तींनी व नक्षीने भरलेल्या आहेत. काही मूर्ती झिजल्या आहेत, शिखर भंगले आहे; तथापि पूजाअर्चा आजही चालते व महाशिवरात्रीस मोठी यात्रा भरते.

आम्ही हे सर्व पाहत असता आमचाच एक विद्यार्थी कंपासपेटीतील कर्कटकाने दगडावर आपल्या नावाचे आद्याक्षर कोरताना दिसला. मी रागावलो. तो खाली मान घालून म्हणाला, “गुरुजी, येथे आधीच दोनचार नावे आहेत. माझ्या एकाने काय बिघडेल?”

माझा राग तेथेच ओसरला. कारण त्याच्याच वयाचा असताना मीही एका किल्ल्याच्या दरवाजावर माझे नाव कोरले होते, आणि मलाही तेव्हा असेच वाटले होते. पुढे अनेक वर्षांनी तेथे गेलो, तेव्हा ते जसेच्या तसे होते. ते वाचून अभिमान न वाटता मान खाली गेली.

विद्यार्थीमित्रांनो, देहावरील ओरखडा भरून येतो. दगडावरील येत नाही. तो घालवावयाचा तर भोवतालचा दगडही घासावा लागतो, म्हणजे मूळ शिल्प तेवढे कमी होते. ‘माझ्या एकाने काय होणार’ असे शंभर जण म्हणाले, की साडेनऊशे वर्षे पाऊसवाऱ्यास तोंड देत उभी असलेली मूर्ती आपल्या डोळ्यांदेखत नाहीशी होते. इ. स. १९५८ च्या कायद्याने संरक्षित स्मारक विद्रूप करणे हा गुन्हा असून, इ. स. २०१० च्या सुधारणेने त्यास दोन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. परंतु केवळ दंडाच्या भयाने आवरलेला हात पहारेकरी दूर जाताच पुन्हा चालतो. ज्यांनी टाकीच्या एकेका घावाने या भिंती सजविल्या, त्या असंख्य पाथरवटांची नावे आज आपणांस ठाऊक नाहीत. मग आपल्याच नावाची एवढी घाई का?

इ. स. १८६८ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थी येथे आले होते. त्यांनी या शिल्पांची चित्रे काढली, साचे घेतले. त्यांच्याही हाती साधने होतीच. भेद होता तो हेतूचा.

ही हकीकत सांगून मी त्या मुलास वही व पेन्सिल दिली. तासभर एका खांबासमोर बसून त्याने चित्र काढले. आज ते आमच्या वर्गाच्या भिंतीवर लावलेले आहे. पालकहो, सहलीस निघताना मुलांच्या पिशवीत खाऊबरोबर एक कोरी वहीही घालावी, एवढीच विनंती. त्या चित्राखाली मुलाने आपले नाव लिहिले आहे. आणि तेथे ते शोभून दिसते.