हार, पेढा आणि पावती

पाडव्याच्या सकाळी शेजारचा मुलगा नवी मोटारसायकल घेऊन दारात उभा राहिला. हँडलला झेंडूचा हार, हातात पेढ्यांचा पुडा. आखाडा बाळापुरात घरोघर दुधाचा रतीब घालणारा हा पोरगा. आजवर सायकलला कॅन अडकवून फिरला. पाया पडला आणि खिशातून घडी घातलेला कागद काढून म्हणाला, “काका, एवढं बघा बरं. गाडी ऐंशी हजाराची सांगितली अन् हिशोब पंच्याण्णवच्या पुढं गेला!”

उभा जन्म बँकेत गेल्याने कागद दिसला की माझा चष्मा आपोआप नाकावर येतो. 100 ते 299 सीसीच्या पेट्रोल दुचाकीला आपल्या राज्यात किमतीच्या 11 टक्के एकरकमी वाहनकर आहे. म्हणजे 8,800 रुपये. नोंदणीचे शुल्क अवघे 300. सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला त्रयस्थ पक्षाचा विमा पाच वर्षांचा घ्यावा लागतो, तो वेगळा. इथवर सारे नियमात. मात्र शेवटी ‘इतर खर्च’ अशी एक ओळ होती. तिची ना फोड, ना पावती.

पूर्वी आमच्याकडच्या गाड्यांची नोंद परभणीला होई. 1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा झाला आणि पुढे ‘एमएच 38’ची पाटी आली. कचेरीबाहेर एजंट असत. त्यांच्या हाती चार पैसे टेकवल्याशिवाय कागद हलत नसे. 2019 च्या कायदादुरुस्तीने नव्या गाडीच्या नोंदणीचा अर्ज विक्रेत्यानेच करायचा असे ठरले. हेलपाटे वाचले, हे मान्य करायला हवे. पण एजंटाची ती ओळ कचेरीच्या दारातून उठून दुकानाच्या बिलात येऊन बसली असेल, तर सुधारणा अर्धीच झाली म्हणायची.

कर भरायला माझी ना नाही. 8,800 रुपये पंधरा वर्षांवर वाटले तर महिन्याला 49 रुपये पडतात. रस्ता वापरणाऱ्याने तेवढे द्यावेत. माझे दुखणे वेगळे आहे. ऐंशी हजारांत सुमारे 12,200 रुपये जीएसटीच आहे. त्यावरही 11 टक्के, म्हणजे करावर कर! वर हा पोरगा सारी रक्कम कर्जाने उचलणार, म्हणजे त्या कराच्या कराला व्याजही भरणार. सरकार पंधरा वर्षांचे आज घेते. त्याचे पैसे मात्र रोज सकाळी लिटरने येतात.

कोणी म्हणेल, कर हप्त्याने घ्या. वसुलीत केस पांढरे केलेला माणूस हे सुचवणार नाही. 49 रुपयांसाठी दर महिन्याला नोटीस धाडणे कोणालाच परवडायचे नाही. पण लहान दुचाकीचा वाहनकर जीएसटी वगळून मूळ किमतीवर आकारता येईल. इथे त्याने सुमारे 1,340 रुपये वाचतील. आणि प्रत्येक दुकानात दर्शनी भागी मराठीत फलक लागावा: सरकारचे किती, विम्याचे किती, आमचे किती.

मी त्याला एवढेच सांगितले, “जा, त्या शेवटच्या ओळीची पावती माग.” तो घुटमळला. “काका, नव्या गाडीच्या दिवशी भांडण कशाला?”

हार घातलेल्या गाडीपुढे माणूस भांडत नाही. ही ओळ लिहिणाऱ्यालाही ते पक्के ठाऊक असते.