दोन कमानींचं गाव

शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप बंद करता करता बॉसचा मेल आला. क्लायंट खूश आहे, डब्लिनची पोस्टिंग आणखी दोन वर्षं वाढवू या का, सोमवारी सांग. बस्स, तीन ओळी! दोन वर्षं म्हणजे दोन दिवाळ्या, दोन गणपती आणि आईचे अगणित सुस्कारे. वीकेंडभर फ्लॅटवर बसले असते तर नुसती नखं खाल्ली असती. म्हणून शनिवारी सकाळी सॅक पाठीला लावली, कॉनली स्टेशन गाठलं आणि स्लायगोच्या गाडीत बसले. उतरायचं कुठे? ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं सुचवलं होतं, ‘बॉइलला उतर.’

हो, बॉइल. अंडं नव्हे, गाव!

रॉसकॉमन काउंटीच्या उत्तर टोकाला, कर्ल्यू डोंगरांच्या पायथ्याशी वसलेलं हे बाजाराचं गाव. वस्ती अडीच-तीन हजारांची. आपल्याकडच्या एखाद्या टाउनशिपमध्ये याहून जास्त माणसं राहतात. बॉइल नदी पश्चिमेच्या लॉख गारा तलावातून निघते, गावाच्या मधून खळाळत जाते आणि पूर्वेच्या लॉख की तलावाला मिळते. डब्लिनहून अडीच तासांत पोचलात की चालत चालत अख्खं गाव बघून होतं. क्रेसेंट नावाचा चौक, चौकात घड्याळाचा मनोरा, रंगीत दारांची दुकानं, पब, खाटीक, बेकरी. डोंगराकडची आणि तळ्याकडची माणसं खरेदी-विक्रीला इथेच यायची. थोडक्यात, आपलं तालुक्याचं गाव. फक्त रिक्षा नाहीत आणि हॉर्न नाही.

पण या एवढ्याशा गावानं मला सोमवारच्या मेलचं उत्तर दिलं. कसं ते सांगते.

आधी मठ, मग गाव

गावाचं आयरिश नाव आहे ‘मानिश्तिर ना बूल्या’. म्हणजे बूल नदीवरचा मठ. नावातच कळतं की मठ आधी आला आणि बाजार त्याच्या मागून. सिस्टर्शियन पंथाचे साधू इथे 1161 मध्ये स्थिरावले. आश्रय होता मॅकडर्मट या स्थानिक राजघराण्याचा. मठाच्या चर्चचं बांधकाम साठेक वर्षं चाललं. (पझेशन लेट होतंय म्हणून बिल्डरच्या नावानं बोटं मोडणाऱ्यांनी लक्ष द्यावं!)

आता छप्पर नाही, पण भिंती आणि खांब दिमाखात उभे आहेत. मधल्या दालनात उभं राहिलं की एक गंमत दिसते. दक्षिणेकडच्या कमानी गोल आहेत आणि उत्तरेकडच्या टोकदार. का? तर साठ वर्षांत फॅशन बदलली. आधी गोल रोमनेस्क कमानींची चलती होती, मग टोकदार गॉथिक कमानी आल्या. आधीच्या गोल कमानी पाडून मॅचिंग करत बसायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. आठशे वर्षं झाली, दोन्ही समोरासमोर उभ्या आहेत.

ही जोडी लक्षात ठेवा. या गावाचा स्वभाव त्यात आहे.

सोळाव्या शतकात इंग्रजांच्या राजवटीत मठ बंद पडले आणि जिथे साधू राहायचे तिथे सैनिकांची छावणी बसली. जवळच्याच खिंडीत 1599 मध्ये मोठी लढाई झाली. खिंड म्हटलं की मराठी माणसाचे कान टवकारतात ना? माझेही टवकारले. सर कॉनयर्स क्लिफर्ड याच्या इंग्रजी फौजेला रेड ह्यू ओ’डॉनेल आणि त्याच्या साथीदारांनी कर्ल्यूच्या चढणीवर गाठलं आणि धूळ चारली. क्लिफर्ड तिथेच मारला गेला. मॉरिस हॅरन या शिल्पकारानं घडवलेला घोडेस्वार 1999 पासून तिथे हमरस्त्याच्या कडेला उभा आहे. खाली लॉख की तलाव, तळ्यात तीसहून जास्त बेटं आणि त्यातल्या एका बेटावर मॅकडर्मटांच्या किल्ल्याची जागा. काय व्ह्यू आहे म्हणून सांगू!

अर्थात, लढाई जिंकली तरी युद्ध हरलं. जमीन किंग नावाच्या इंग्रज घराण्याकडे गेली. त्यांनी 1730 च्या सुमारास गावात भलंमोठं किंग हाऊस बांधलं. पुढे तेही लहान वाटलं म्हणून तळ्याकाठी रॉकिंगहॅम नावाचा महाल उठवला. त्याचा आर्किटेक्ट होता जॉन नॅश, म्हणजे लंडनच्या बकिंगहॅम पॅलेसचं काम करणारा. नोकरचाकर साहेबांच्या नजरेला पडू नयेत म्हणून त्यांच्या ये-जा करण्यासाठी जमिनीखालून बोगदे खोदले होते. महाल 1957 मध्ये जळला. बोगदे शिल्लक आहेत. मी त्यातून चालले. आत गारवा आणि ओलसर वास. साहेबाचा दिवाणखाना गेला आणि नोकरांची वाट उरली. देव न्याय करतो, फक्त डेडलाइन पाळत नाही.

कॉनॉटची पोरं

किंग हाऊसमध्ये अठराव्या शतकाच्या शेवटी लष्करी बराक आली. कॉनॉट रेंजर्स या पलटणीचं भरतीचं ठिकाण. कॉनॉट म्हणजे आयर्लंडचा पश्चिम प्रांत. दिल्लीच्या कॉनॉट प्लेसला ज्या ड्यूकचं नाव आहे, त्याची पदवी याच प्रांताची.

पलटणीत कोण जायचं? पोटाला चिमटा बसलेली पोरं. बटाट्याच्या दुष्काळानं या काउंटीचं काय केलं ते ऐका. 1841 आणि 1851 या दोन जनगणनांच्या मध्ये रॉसकॉमनची तीस टक्क्यांहून जास्त माणसं कमी झाली. काही मेली, काही बोटीत बसून गेली. अशा मुलखात लाल कोट म्हणजे दोन वेळचं जेवण. ज्या साम्राज्यानं आपलं घर लुटलं त्याच्याच पगारावर दुसऱ्यांची घरं सांभाळायला ही पोरं जगभर गेली. आपल्याकडेही आली. 1857 च्या नोव्हेंबरात कानपूरला इंग्रजांच्या बाजूनं ही पलटण होती आणि समोर होते आपले येवल्याचे तात्या टोपे.

आणि मग 1920 साल. पलटणीची एक बटालियन जालंधरला होती. आयर्लंडमध्ये ‘ब्लॅक अँड टॅन्स’नी मांडलेल्या छळाच्या बातम्या घरच्या पत्रांतून यायच्या. 28 जूनला काही सैनिकांनी हत्यारं खाली ठेवली. आमच्या देशातून इंग्रजी फौज निघेपर्यंत आम्ही तुमची चाकरी करणार नाही, हे त्यांचं म्हणणं. सिमल्याजवळ सोलनच्या छावणीतही ठिणगी पडली. दारूगोळ्याच्या कोठारावर चाल करताना दोन सैनिक मारले गेले. बऱ्याच जणांना मृत्युदंड सुनावला, पण एकाचाच अमलात आणला. जेम्स डॅली, वय एकविशीच्या आतबाहेर. 2 नोव्हेंबर 1920 ला दगशाईला त्याला गोळ्या घातल्या. तो शेजारच्या वेस्टमीथ काउंटीतला. त्याचे अवशेष घरी परतले 1970 मध्ये. पन्नास वर्षांनी! पलटण मात्र 1922 मध्येच मोडीत निघाली होती.

पुढे किंग हाऊसचं गोदाम झालं, रया गेली आणि शेवटी काउंटी कौन्सिलनं डागडुजी करून तिथे म्युझियम केलं. मी गेले तेव्हा आवारात शेतकऱ्यांचे स्टॉल लागले होते. चीज, पाव, मातीसकट गाजरं. आणि आत त्याच पलटणीच्या आठवणी. साम्राज्याची चाकरी आणि साम्राज्याविरुद्धचं बंड, दोन्ही एकाच छपराखाली. गोल कमान, टोकदार कमान. एकीला लपवून दुसरी मिरवायची, असला प्रकार नाही.

‘पूना? मग तुला ग्रेटा माहीत असेल!’

रात्री मी ज्यांच्याकडे उतरले होते, त्या आजींनी चहा ओतता ओतता विचारलं, ‘इंडियात कुठली गं तू?’ मी म्हटलं, ‘पुण्याची.’ आजींचे डोळे चमकले. ‘पूना? मग तुला आमची ग्रेटा माहीत असेल!’

मला एक ग्रेटा माहीत होती, हवामानवाली. आजी हसल्या आणि त्यांनी जी गोष्ट सांगितली, ती मी रात्री दोनपर्यंत मोबाइलवर वाचत बसले.

मार्गारेट गिलेस्पी. घरचं नाव ग्रेटा. जन्म बॉइलमध्ये, 1878 चा. स्कॉलरशिपवर डेरीच्या शाळेत गेली, मग डब्लिनला संगीत शिकली. कवी जेम्स कझिन्सशी लग्न केलं. 1908 मध्ये मैत्रिणींबरोबर बायकांच्या मताधिकारासाठी संघटना काढली. लंडनला खिडक्यांच्या काचा फोडल्या, तुरुंगात गेली. डब्लिनला फोडल्या, पुन्हा तुरुंगात गेली. आणि 1915 मध्ये नवऱ्याबरोबर बोटीत बसून भारतात आली.

आता आली खरी. रेंजर्सही आले होते. पण हिनं इथे काय केलं बघा. मदनपल्लीच्या कॉलेजात 1919 मध्ये रवींद्रनाथ मुक्कामाला होते, तेव्हा ‘जन गण मन’चं नोटेशन हिनं लिहून काढलं. 1917 मध्ये अॅनी बेझंट आणि इतरांबरोबर विमेन्स इंडियन असोसिएशन उभी केली. सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली बायकांचं शिष्टमंडळ मताधिकार मागायला माँटेग्यूसाहेबांकडे गेलं, तेही हिच्याच खटपटीनं. इंग्रज सरकारनं भाषणबंदी केली तेव्हा त्याविरुद्ध बोलली आणि 1932 मध्ये वेल्लोरच्या तुरुंगात गेली. तीन देशांतले तुरुंग! माझ्या पासपोर्टवर अजून तीन देशांचे शिक्के नाहीत.

आणि 1927 चा जानेवारी. मुलींना कसलं शिक्षण हवंय ते बायकांनीच सांगावं, म्हणून हिनं देशभर पत्रं लिहिली. त्यातून अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. अध्यक्ष बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई. याच परिषदेनं पुढे बालविवाहविरोधी कायद्यासाठी रान उठवलं.

अधिवेशन कुठे भरलं माहितीये? पुण्यात. फर्ग्युसन कॉलेजात.

मी फर्ग्युसनची. पाच वर्षं! त्या आवारातलं कुठलं झाड कुणाच्या ब्रेकअपचं, हे मला पाठ आहे. कँटीनचा चहा, टेकडीची वाट, सगळं तोंडपाठ. आणि ही गोष्ट मला साडेसात हजार किलोमीटरवर, एका आयरिश आजीच्या स्वयंपाकघरात कळली. खरं सांगते, चेहरा लाल झाला. थंडीनं नव्हे.

मग आजींनी सहज विचारलं, ‘डब्लिनला किती दिवस झाले तुला?’ दीड वर्ष. ‘मग आयरिश मैत्रिणी किती?’ मी मनात मोजलं. ऑफिसातली एक. बाकी दीड वर्ष म्हणजे ऑफिस, फ्लॅट, इंडियन स्टोअर, शनिवारी आपल्याच मंडळींचं पॉटलक, रविवारी आईला व्हिडिओ कॉल. मी डब्लिनला आले होते कुठे? माझा फक्त पत्ता बदलला होता.

आजींची दोन्ही मुलं सिडनीला आहेत. इथली पोरं जातातच, त्या म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती. या गावानं गेलेली माणसं कायम पाहिली आहेत. दुष्काळात गेलेली, पलटणीत गेलेली. हॉलिवूडलाही एक गेली. टारझनची जेन, म्हणजे मॉरीन ओ’सलिव्हन, 1911 मध्ये इथेच जन्मली. तिचे वडील कॉनॉट रेंजर्समध्ये अधिकारी.

ग्रेटाही गेली आणि 1954 मध्ये भारतातच वारली. शेवटची दहाएक वर्षं पक्षाघातानं अंथरुणावर होती. पण जिथे गेली, तिथली झाली. तिथल्या बायकांचं काय दुखतंय ते विचारलं आणि मग कामाला लागली. जावं की जाऊ नये, या प्रश्नावर मी नखं खात बसले होते. खरा प्रश्न तो नव्हताच. गेल्यावर तिथे असायचं की नुसतं राहायचं, हा होता.

सोमवारी सकाळी दोन कामं केली. बॉसला मेल टाकला : हो, वाढवा, पण एकच वर्ष. आणि या वर्षात काय करणार त्याची एक यादी स्वतःसाठी केली. त्यात पॉटलक शेवटच्या नंबरवर आहे.

दुसरं काम, कॉलेजच्या ग्रुपवर मेसेज टाकला : ‘जानेवारी 1927, आपलं कॉलेज. काय झालं होतं?’ एकोणीस ब्लू टिक आल्या. दोन उत्तरं आली. एक अंगठा आणि एक ‘गॅदरिंग का?’

हसू नका. परवापर्यंत मीही तेच लिहिलं असतं. आता तुम्हाला तरी माहितीये ना? मग पुढच्या वेळी फर्ग्युसन रोडवर कॉफी प्यायला जाल, तेव्हा समोरच्या गेटकडे एकदा बघा. आणि बॉइलच्या ग्रेटाला माझा नमस्कार सांगा.