फोकसर कुठे बसवायचा?

मंडळी, घरी दुर्बीण करायची म्हटली की सगळी चर्चा भिंगावर. पण नेसरीसारख्या गावात शनी बघायला रांग लागणार असेल, तर माझ्या मते खरा प्रश्न फोकसरच्या जागेचा आहे.

900 मिमी नाभीय अंतराचं भिंग आणलं म्हणून पीव्हीसी पाइपही 900 मिमीलाच कापणं म्हणजे शुद्ध घाई! आधी दूरच्या डोंगराची प्रतिमा कागदावर पाडून अंतर स्वतः मोजा. डोंगरच हवा हं. 50 मीटरवरच्या टाकीवर मोजलंत तर आकडा 16-17 मिमीने जास्त येतो. मग पाइप लांब राहतो, आणि फोकसर ढकलून ढकलून संपला तरी ताऱ्याचा टिपका होत नाही.

आता डायगोनल. तो प्रकाशाच्या वाटेतले सात-आठ सेंटिमीटर खातो. काहीजण म्हणतात, कशाला हवा, सरळ बघू की! अहो, पण डोक्यावर आलेला शनी आजींनी काय जमिनीवर झोपून बघायचा? पाइप डायगोनल धरूनच आखूड कापावा. सरळ बघायचं तेव्हा मागे जोडनळी लावता येते. लांब पाइपला मात्र पुन्हा करवतच.

अजून एक. शनी स्पष्ट दिसतो तिथे फोकसर पूर्ण आत टेकलेला नको. आपल्यासारखे चष्मेवाले चष्मा काढून बघतात तेव्हा तो अजून आत न्यावा लागतो. उणे चार नंबर आणि 25 मिमीचा आयपीस असेल तर अडीच मिमी. मी तर आतल्या बाजूला सरळ 15 मिमी राखून ठेवतो. टीममधले सगळेच चष्मेवाले, काय करणार!