नोंदवहींतला धर्म आणि अंतःकरणांतला देव

ता. 26 नोव्हेंबर 2024 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें पुदुच्चेरी येथील एका बाईंच्या प्रकरणांत जो निकाल दिला, त्याची चर्चा आमच्या मराठवाड्यांतहि व्हावी हें साहजिकच आहे. ह्या बाईंचा बाप्तिस्मा बालपणींच झालेला होता. सरकारी नोकरीसाठीं मात्र आपण हिंदु असून अनुसूचित जातींत मोडतों, असा दाखला त्यांनीं मागितला. न्यायालयानें बाप्तिस्म्याची नोंद पाहिली, चर्चमध्यें नित्य जाण्याचा परिपाठ पाहिला, हिंदु धर्मांत परत आल्याची कांहीं जाहीर घोषणा किंवा विधि झाला आहे काय ह्याची चौकशी केली, आणि दाखला नाकारला. अंतर्यामीं श्रद्धा नसतां केवळ आरक्षणाच्या लाभासाठीं धर्म स्वीकारणें ही राज्यघटनेशीं प्रतारणा होय, असेंहि न्यायमूर्तींनीं बजावलें.

न्यायालयाशीं आमचा वाद नाहीं. न्यायाधिशास कोणाचें अंतःकरण उघडून पाहण्याचें साधन मिळालेलें नाहीं; त्याच्यापुढें कागद येतो, साक्षीदार येतो, आणि तेवढ्यावरच त्यास निर्णय करावा लागतो. कोण कोणत्या देवास मनोभावें हांक मारतो, ह्या प्रश्नाचें उत्तरहि त्यास नोंदवहींतूनच शोधणें भाग आहे. परंतु जें न्यायालयास नाइलाज म्हणून करावें लागतें, तेंच धर्मसंस्था आपण होऊन करूं लागल्या म्हणजे काय होतें, ह्याचा विचार ह्या निमित्तानें करणें आम्हांस अगत्याचें वाटतें. अमक्याचा विधि झाला काय, तमक्याची हजेरी किती, कोणी कोणता नियम मोडला, एवढ्यावरून जेव्हां मनुष्याची देवाशीं असलेली जवळीक मापली जाते, तेव्हां देऊळ आणि कचेरी ह्यांत फारसा फरक उरत नाहीं.

ख्रिस्ती धर्मापुरतें बोलावयाचें तर हा वाद त्या धर्माइतकाच जुना आहे. किंबहुना त्या वादांतूनच तो धर्म जन्मास आला. शब्बाथ म्हणजे यहूदी लोकांचा विसाव्याचा वार. त्या दिवशीं रोग्यास बरें करणें हा नियमभंग होय, असें परुशी नांवाच्या कडव्या पंथाचे लोक म्हणत. आणि नियम हा मनुष्यासाठीं आहे, मनुष्य नियमासाठीं नव्हे, असें येशूचें त्यांस उत्तर असे. देवास त्यानें राजा किंवा हिशेबनीस म्हणून नव्हे, तर बाप म्हणून हांक मारावयास शिकविलें. पुढें सुंता केल्यावांचून कोणास ख्रिस्ती मंडळींत घ्यावयाचें नाहीं असा आग्रह सुरू झाला, तेव्हां पौलानें गलतीकरांस पत्र लिहून तो मोडून काढिला. पुढें दीड हजार वर्षांनीं पापाच्या शिक्षेची सूट कागदावर लिहून विकली जाऊं लागली. आमच्या व्यापारी वाचकांस समजेल अशा भाषेंत सांगावयाचें तर स्वर्गाच्या पेढीवरील हुंड्या बाजारांत आल्या. आणि 1517 मध्यें मार्टिन लूथरनें त्यांविरुद्ध झेंडा उभारला. परंतु नवलाची गोष्ट ही कीं, ज्यांनीं नियमांचें जोखड फेंकून दिलें, त्यांच्याच वारसांनीं दोनतीन पिढ्यांत नव्या नियमांच्या पोथ्या बांधून तयार केल्या.

हा वाद दूरदेशींचा म्हणून सोडून देतां येण्याजोगा नाहीं. महाराष्ट्रांत तो एका विदुषीनें स्वतःच्या आयुष्यांत दोन वेळां लढविला. पंडिता रमाबाईंचा जन्म 1858 चा. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. कुटुंबास घेऊन ते तीर्थोतीर्थीं पुराण सांगत हिंडत. दक्षिणेंत दुष्काळ पडला, तेव्हां ह्या कुटुंबानें शास्त्रांत सांगितलेलें एकहि साधन बाकी ठेविलें नाहीं. उपास, अनुष्ठानें, तीर्थस्नानें, दानें हीं सर्व यथाविधि झालीं. जवळचें द्रव्य संपलें, आणि 1874 च्या सुमारास आईबाप आणि थोरली बहीण हीं अन्नावांचून एकामागून एक निवर्तलीं. विधींत कोठेंहि कसूर नव्हती. देवाशीं व्यवहार करावा, आपण इतकें दिलें म्हणजे त्यानें इतकें द्यावें, अशी जी कीर्द-खतावणी सामान्य लोक मनांत बाळगितात, तिचा फोलपणा ह्या मुलीनें सोळाव्या वर्षीं पाहिला.

पुढें 1883 मध्यें त्या इंग्लंडांत गेल्या, आणि त्याच वर्षीं 29 सप्टेंबर रोजीं वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. आतां तरी वाद मिटावयाचा. परंतु तो तेथेंच नव्यानें सुरू झाला. वाँटेजच्या मठांतील भगिनी जेराल्डिन ह्या त्यांच्या धर्ममाता. ह्या बाईंचें रमाबाईंवर प्रेम होतें ह्यांत शंका नाहीं. परंतु चर्चच्या अधिकारापुढें बुद्धि नमविणें हेंच श्रद्धेचें लक्षण, असा त्यांचा दृढ समज होता. त्रैक्याचा सिद्धान्त समजल्यावांचून मी तो मुखानें कसा म्हणूं, असें रमाबाई विचारीत. मांस व अंडीं वर्ज्य करण्याची त्यांची संवय हा जातीचा गर्व ठरविण्यांत आला. गळ्यांतील क्रूसावर लॅटिन अक्षरें कां, संस्कृत कां नकोत, लॅटिन ही संस्कृताहून अधिक पवित्र आहे काय, असा त्यांनीं प्रश्न केला, तोहि उद्धटपणांत जमा झाला. पुरुष विद्यार्थ्यांस त्यांनीं शिकवूं नये असें कांहीं बिशपांचें म्हणणें पडलें. ह्यावर रमाबाईंचा रोख स्पष्ट होता: एका देशांतील पुरोहितांचें जूं मोठ्या कष्टानें मानेवरून उतरविलें तें दुसऱ्या देशांतील पुरोहितांचें चढवून घेण्यासाठीं नव्हे. हा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृति मंडळानें 1977 मध्यें इंग्रजींत प्रसिद्ध केला. तो वाचणारास ही पंचवीस-सव्वीस वर्षांची मराठी विधवा परक्या देशांत, परक्यांच्या अन्नावर राहून, केवढ्या निर्भयपणें वाद घालीत होती हें पाहून विस्मय वाटल्यावांचून राहणार नाहीं.

ह्याहून महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. 1907 मध्यें रमाबाईंनीं आपली साक्ष लिहून काढिली. तींत त्यांनीं स्वच्छ सांगितलें कीं, बाप्तिस्मा घेतला तेव्हां आपणांस ख्रिस्ताचा धर्म सांपडला होता, परंतु खुद्द ख्रिस्त सांपडला नव्हता. तो सांपडावयास पुढें सुमारें आठ वर्षें जावीं लागलीं. म्हणजे ज्या आठ वर्षांत सारें जग त्यांस ख्रिस्ती म्हणत होतें, कोणी त्याबद्दल त्यांस धन्यवाद देत होतें व कोणी शिव्या देत होतें, त्या आठ वर्षांत त्या स्वतःच्या मतें धर्माच्या उंबरठ्यावरच उभ्या होत्या! नोंदवहीस ह्याचा पत्ता नव्हता. कोणत्याहि न्यायालयास तो लागला नसता.

ह्यावर नियमनिष्ठ लोकांचा एक आक्षेप आहे, आणि तो उपेक्षणीय नाहीं. ज्यानें त्यानें देवाशीं आपलें खाजगी नातें आहे असें सांगून नियम झुगारून दिले, तर मंडळी कशी टिकावी? ढोंग्यास आणि भक्तास वेगळें कसें ओळखावें? शिवाय ज्यास स्वतःच्या साक्षात्काराची खात्री वाटते, तो दुसऱ्याच्या मनावर भार टाकीत नाहीं कशावरून? शारदासदनांतील मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसूं लागल्या, तेव्हां धर्माच्या बाबतींत तटस्थ राहण्याचें वचन मोडलें असें वाटून 1893 मध्यें रानडे व भांडारकर ह्यांच्यासारख्या समंजस सुधारकांनीं त्या संस्थेच्या सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. त्यांची काळजी अनाठायीं होती असें आम्हांस म्हणवत नाहीं. अल्पवयी व निराधार मुलींच्या बाबतींत दिलेलें वचन हाहि एक नियमच, आणि असे नियम दुबळ्यांच्या संरक्षणासाठीं असतात.

तेव्हां नियम नकोत असें आमचें म्हणणें नाहीं. नियमांची जागा कोणती, एवढाच प्रश्न आहे. गंगाखेडच्या घाटावर उभें राहिलें म्हणजे ह्याचें उत्तर मिळतें. घाटाच्या पायऱ्या नसत्या तर म्हाताऱ्याकोताऱ्यांस गोदावरीपर्यंत उतरतां आलें नसतें. पायऱ्या बांधणाराचे उपकारच आहेत. परंतु पायऱ्या म्हणजे गोदावरी नव्हे, आणि पायऱ्यांवरच बसून राहिलेला मनुष्य कोरडाच परत येतो. पायरीवरून उतरणारानें पाण्यांत पाय घातला कीं नाहीं, हें त्याच्या वागणुकीवरून कळतें. रमाबाईंचें नातें खरें होतें कीं नाहीं हें पाहावयाचें असेल त्यानें केडगांवचें मुक्तिसदन पाहावें. 1896-97 आणि 1900 ह्या दुष्काळांत ज्यांस कोणी थारा देत नव्हतें अशा शेंकडों बायकामुली त्यांनीं तेथें आणिल्या. त्यांस उद्योग शिकविले, छापखाना चालविण्यास लाविलें. मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून बायबलाचें सोप्या मराठींत भाषांतर केलें. तें त्यांच्या मृत्यूनंतर, 1924 मध्यें, प्रसिद्ध झालें. केडगांवासहि कडक शिस्त होती; परंतु ती शिस्त भुकेल्यांच्या कामीं येत होती.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गोष्ट ह्याच जातीची. 1895 मध्यें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला, पुढें अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनची चाकरी केली. परंतु साहेबी चालीची उपासना आणि मिशनची चाकरी ह्यांत त्यांचा जीव कोंडूं लागला. तुकोबांच्याच वाटेनें आपण ख्रिस्तापर्यंत आलों, असें ते म्हणत. अखेर 1917 मध्यें चाकरी सोडून ते संन्यस्त वृत्तीनें राहूं लागले, आणि 'देवाचा दरबार' नांवाचा बंधुसंघ त्यांनीं काढिला. ह्या दरबारांत बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांस जागा होती. विधीचें महत्त्व न नाकारतां विधीच्या आधींच नातें जुळूं शकतें, हें मान्य करण्याचें धाडस त्यांत होतें. टिळक 1919 मध्यें वारले, आणि तो दरबार फार दिवस चालला नाहीं. परंतु त्यानें विचारलेला प्रश्न शंभर वर्षें उलटलीं तरी तसाच उभा आहे.

हा दोष एकट्या ख्रिस्ती धर्माचा आहे, असें समजून आमच्या हिंदु वाचकांनीं समाधान मानूं नये. ज्या नारायण शेषाद्रींनीं पुढें आपल्या शेजारच्या जालन्याजवळ बेथेल हें गांव वसविलें, त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हा 1843 मध्यें मिशनऱ्यांकडे राहिला होता. न्यायालयानें मुलास बापाच्या स्वाधीन केलें. तेव्हां त्यास प्रायश्चित्त देऊन जातींत घ्यावें म्हणून बाळशास्त्री जांभेकर पुढें झाले, तर कर्मठांनीं केवढें काहूर माजविलें! मुलगा घरीं यावयास तयार, बाप घेण्यास तयार. आडवी आली ती पोथी. आणि दुसरीकडे ह्याच परभणी जिल्ह्याच्या मातीनें जनाबाई दिली. तिला वेदाचा अधिकार नव्हता, देवळांत मान नव्हता, दुसऱ्याच्या घरचें दळणकांडण हेंच तिचें जीवित. तरी पांडुरंग जनीच्या जात्याशीं येऊन बसतो, असें साऱ्या महाराष्ट्राचें मन सातशें वर्षें मानीत आलें आहे. कोणत्या शास्त्र्यानें तिला त्याचा दाखला दिला होता?

आतां पुन्हां मूळ मुद्द्याकडे वळूं. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशीं बांधिला गेला. 1956 मध्यें शिखांस आणि 1990 मध्यें बौद्धांस त्यांत घेतलें, ख्रिस्ती व मुसलमान बाहेर राहिले. ह्याचा फेरविचार करण्यासाठीं माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन् ह्यांच्या अध्यक्षतेखालीं 2022 मध्यें आयोग नेमिला गेला. विरोध करणारे म्हणतात कीं, दर्जा वाढविला तर मूळच्या लाभार्थींचा वांटा कमी होईल आणि धर्मांतरास उत्तेजन मिळेल. पहिली भीति आंकड्यांनीं तपासण्याजोगी आहे, आणि ती तपासलीच पाहिजे. परंतु सध्यांच्या व्यवस्थेचा परिणाम काय होतो, हेंहि पाहावें. शाळेच्या दाखल्यावर एक धर्म आणि रविवारच्या प्रार्थनेस दुसरा, असें दुहेरी जिणें ज्यांच्या वांट्यास येतें, त्यांस मुलाच्या शिक्षणाची सोय आणि उघडपणें घेतलेलें देवाचें नांव ह्यांतून एकाची निवड करावी लागते. बाप्तिस्म्यानें जात पुसली जाते, असें कायदा मानतो. गांव तें मानीत नाहीं. दक्षिणेंतील कित्येक ठिकाणीं तर चर्चच्या स्मशानांतहि जात पुसली गेलेली नाहीं. जखम जातीनें केली असेल तर औषध जखम पाहून द्यावें; रोगी कोणत्या देवाचा धांवा करतो हें विचारून देऊं नये. असें झालें तर श्रद्धा खरी कीं खोटी हें तोलण्याचें अवघड काम न्यायालयाच्या माथ्यावरून उतरेल, आणि तें तेथून उतरणेंच इष्ट आहे.

सरकारचें काम सरकार करील तेव्हां करील. धर्मसंस्थांस आपलें काम करण्यास आयोगाच्या अहवालाची वाट पाहण्याचें कारण नाहीं. ख्रिस्ती मंडळींनीं आपल्या वहींत कोणाचें नांव आहे ह्याहून कोणाच्या घरीं चूल पेटली नाहीं ह्याची चौकशी अगोदर करावी. टिळकांच्या दरबारांत जागा मिळाली असती, परंतु आज मंडळीच्या दाराशीं ज्यास थांबविलें जातें, अशा मनुष्यास आंत घ्यावें. हिंदूंनीं जनाबाईच्या नांवाचा जयजयकार करितांना आपल्या घरीं दळणकांडण करणाऱ्या बाईस देवळांत कोठें बसवितों, तें पाहावें. आमचे व्यापारी बंधु रोज सायंकाळीं रोकड मोजितात आणि कीर्द मिटवितात; व्यवहारास तें अवश्यच आहे. परंतु घरीं गेल्यावर आईपुढें कोणी वही उघडीत नाहीं. देवास मायबाप म्हणणारानें निदान तेवढा विवेक देवघरांतहि पाळावा.