जुना रंग, जुने विष

मोताळा तालुक्यातील धामणगाव बढे येथे एका जुन्या घराच्या सागवानी दारावरील रंग उतरविण्याचे काम नुकतेच पाहिले. सुताराने विजेच्या जुन्या शेगडीतील तारेची गुंडाळी पत्र्याच्या डब्यात बसवून, तिला लाकडी मूठ लावून, स्वतःच एक साधन सिद्ध केले होते. तार लाल झाली की रंग फुगे, मऊ पडे आणि पत्तीने सोलून निघे. जुना तैलरंग म्हणजे जवसाच्या तेलात घोटलेली रंगद्रव्ये. वाळलेले तेल तापले की लाकडाला सोडते, हे तत्त्व त्याला अनुभवाने ठाऊक होते. बाजारातील महाग यंत्रावाचून अडून न राहणाऱ्या या बुद्धीचे कौतुक कोणीही करील.

परंतु दारापासून चार हातांवर एक मूल खेळत होते आणि घरातील बाई गळलेल्या खपल्या केरसुणीने झाडीत होती. हे दृश्य मात्र मनातून जाईना.

जुन्या रंगांत पांढरा सफेदा, तांबडा शेंदूर, पिवळा क्रोम या रूपांनी शिसे सर्रास वापरले जाई. अमेरिकेत सुमारे 590 अंश सेल्सिअसच्या वर तापणारे साधन अशा रंगावर वापरण्यास मनाई आहे. लालबुंद तार त्याहून अधिक तापलेली असते. ती फार जवळ गेली आणि रंग जळू लागला की शिसे धुरावाटे फुप्फुसात शिरते. तोंडावर बांधलेला रुमाल ते अडवीत नाही. पोटशूळ, रक्तक्षय, मनगट लुळे पडणे ही त्याची जुनी ओळखीची लक्षणे. मुलांच्या मेंदूची हानी तर भरून निघत नाही. शिशाची कोणतीही मात्रा निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

हे ज्ञान नवे नाही. घरांच्या आतील रंगकामात सफेदा वापरू नये, असा करार आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने 1921 साली जिनिव्हा येथे संमत केला. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशावर दशलक्षात 90 भाग अशी सक्तीची मर्यादा घालणारे नियम 2016 साली आले व 1 नोव्हेंबर 2017 पासून अमलात आले. मधल्या पंच्याण्णव वर्षांत रंगविलेली दारे अजून उभी आहेत. नफा रंग विकणाऱ्यांनी घेतला. विष मात्र ते खरवडणाऱ्याच्या वाट्याला आले.

कायद्याचे संरक्षण याच माणसाजवळ येऊन थांबते. 1948 च्या कारखाने अधिनियमाने शिशाची विषबाधा सरकारला कळविणे बंधनकारक केले, पण ते कारखान्यातील कामगारापुरते. 2020 ची सुरक्षा संहिताही मुख्यतः दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी आहे. ओसरीवर एकटा बसून काम करणारा सुतार कोणत्याच नोंदवहीत नाही. 2023 साली सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत सुतारांसाठी प्रशिक्षण व अवजारांकरिता पंधरा हजार रुपयांपर्यंत साहाय्य आहे. त्या प्रशिक्षणात शिशाविषयी एक तास सक्तीचा असावा आणि ग्रामीण रुग्णालयात रक्तातील शिशाची तपासणी मोफत व्हावी, या मागण्या आपण लावून धरल्या पाहिजेत.

मागणी मान्य होईपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. रंग भाजण्याऐवजी पाणी मारून ओल्या पॉलिश पेपरने घासावा. मुलांना व गरोदर स्त्रियांना दूर ठेवावे. खाली जुने कापड पसरून खपल्या गोळा कराव्यात. त्या चुलीत जाळू नयेत, उकिरड्यावर टाकू नयेत. केर कोरडा झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावा. हात धुतल्याखेरीज भाकरीला स्पर्श करू नये आणि कामाचे कपडे वेगळे धुवावेत. उघडी तार वापरणाऱ्याला विजेच्या धक्क्याचे व आगीचे भय आहेच, तेही सांगावे.

आपल्या गावातील सुताराला ही गोष्ट समजावून सांगायला सभा लागत नाही. त्याच्या कारागिरीचा मान राखून, त्याच्या शेजारी बसून बोलणारा एक कार्यकर्ता पुरे. श्रमिकाच्या श्वासाची काळजी हे राजकारणाबाहेरचे काम आहे, असे समजणाऱ्याला समाजवादाचा अर्थ अजून उमगलेला नाही.